आधी न्यूट्रल तपासा : छोट्या इलेक्ट्रॉनिक संगीत महोत्सवाबद्दल वाचकांचे प्रश्न

सांगली, मिरज, सातारा, कराड या भागातून या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाची होती : स्वतःच्या खिशातून, प्रायोजकाशिवाय, सिंथेसायझर-लॅपटॉपवरच्या संगीताचा एक दिवसाचा महोत्सव करायचा तर कसा? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

आम्ही सहा मित्र आहोत. प्रत्येकी २० हजार काढून १ लाख २० हजार रुपये जमले आहेत. दोन स्टेज, बारा तास, तीनशे माणसे असा विचार आहे. पैसे कसे वाटावेत, जागा कुठली घ्यावी आणि महिना कोणता? — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

दुसरे स्टेज आजच रद्द करा. त्याच्याबरोबर दुसरा साउंड, दुसरा ऑपरेटर, दुसरी वायरिंग येते आणि माणसे तेवढीच राहतात. दीडशे लोक एका खोलीत असले की कार्यक्रम भरल्यासारखा वाटतो. तेच दोन ठिकाणी विभागले की दोन्हीकडे ओस वाटते. शिवाय एका स्टेजचा बेस दुसऱ्या स्टेजवर ऐकू जातो आणि दोन्ही कलाकार वैतागतात.

एक खोली, दीडशे माणसे, दुपारी अडीच ते रात्री साडेनऊ. पन्नास मिनिटांचे सात सेट (एकेका कलाकाराचे सलग वादन) आणि मध्ये दहा-दहा मिनिटे धरली तर ६ तास ५० मिनिटे होतात. म्हणजे ९ वाजून २० मिनिटांनी शेवटचा सूर संपतो. उशीर होणारच, त्यासाठी दहाच्या आत चाळीस मिनिटे हाताशी राहतात.

पैशांची वाटणी अशी करा. हे बाजारभाव नव्हेत, तुम्ही स्वतःला घालून घ्यायच्या मर्यादा आहेत. साउंड ऑपरेटरसह २८ हजार, जागा २२ हजार, जनरेटर आणि वायरमन १२ हजार, कलाकारांचे मानधन २८ हजार, त्यांचा प्रवास-राहणे-जेवण १० हजार, परवाने आणि छपाई ४ हजार, पाणी, स्वच्छता आणि प्रथमोपचार ४ हजार. उरलेले १२ हजार राखीव. या बारा हजारांना कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापर्यंत कुणीही हात लावायचा नाही. लेझर, धूर, एलईडी भिंत यांना यात जागा नाही. अंधार, चार-सहा रंगीत पार लाइट आणि एक साधा प्रोजेक्टर एवढ्यात काम होते.

तिकीट ३०० रुपये ठेवलेत आणि ११० विकली गेली तर ३३ हजार परत येतील. उरलेले ८७ हजार सहा जणांत वाटले की प्रत्येकी साडेचौदा हजार जातात. हा आकडा सहाही जणांना आजच सांगा आणि तो गेला तरी चालेल का, हे एकेकट्याला विचारा. तिकिटाच्या पैशावर खर्च ठरवू नका. गर्दी बहुतेक आयत्या वेळी दारावर येते, आणि साउंडवाला बयाणा दोन आठवडे आधी मागतो.

महिन्याबद्दल आमचे ठाम मत आहे : पौष. साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारी. पौषात लग्ने नसल्यासारखीच, त्यामुळे मंगल कार्यालय, मंडपवाला, साउंडवाला, जनरेटरवाला, सगळे मोकळे असतात आणि भाव बोलता येतो. हवा कोरडी, रात्री थंड. फेब्रुवारी-मार्चात दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, तेव्हा शेजारच्यांनी तक्रार केली तर ती रास्तच असते. चातुर्मासातही कार्यालये स्वस्त मिळतात, पण पाऊस आणि कृष्णेचे पाणी हे गणित आपल्या हातात नसते. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीत पाणी कुठवर आले होते ते आठवून मगच नदीकडच्या जागेचा विचार करा. पौषातही एक अडचण आहे. पालीच्या खंडोबाची आणि मांढरदेवीची यात्रा याच महिन्यात, त्यामुळे सातारा जिल्ह्यात त्या दिवसांत पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात. ते दिवस टाळा.

जागा म्हणजे गावातले मध्यम आकाराचे मंगल कार्यालय. त्यात संडास, पाणी, पार्किंग, थ्री फेज मीटर आणि स्वयंपाकघर तयार असते. माळावर हे सगळे भाड्याने न्यावे लागते. शिवाय हा उसाच्या गाळपाचा हंगाम असतो. रात्री रस्त्यावर ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या चालतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टरही नसतो. दुचाकीवरून येणाऱ्या मुलामुलींना आडवळणी शेतातून रात्री परत पाठवणे ही जबाबदारी घेऊ नका.

साउंडवाला म्हणतो, "आख्खी डॉल्बी लावतो, भिंत हलेल." आम्हाला नक्की काय मागायचे तेच कळत नाही. — कूपवाड

आपल्याकडे डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली भिंत. ती उघड्यावर, चालत्या ट्रॅक्टरवर, दूरवर ऐकू जाण्यासाठी रचलेली असते. बंद हॉलमध्ये तीच भिंत लावली की नुसता गडगडाट होतो आणि बारीक नाद कुठेच सापडत नाहीत. इलेक्ट्रॉनिक संगीतातला अर्धा आनंद त्या बारीक नादांतच आहे.

दीडशे माणसांच्या हॉलसाठी एवढे मागा : बारा किंवा पंधरा इंची दोन टॉप (मधल्या-वरच्या सुरांचे स्पीकर), अठरा इंची चार बेस (खालच्या सुरांचे बॉक्स), एक डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारे यंत्र) किंवा डिले, म्हणजे आवाज किंचित उशिरा सोडण्याची सोय, असलेला क्रॉसओव्हर (बेस आणि टॉपचे सूर वेगळे करणारे यंत्र), कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू येण्यासाठी एक मॉनिटर, आणि ही सगळी जोडणी स्वतः करणारा, शेवटपर्यंत जागेवर थांबणारा ऑपरेटर. बोलणी करताना वॅट विचारू नका, ते आकडे प्रत्येक जण हवे तसे सांगतो. बॉक्सची कंपनी, मॉडेल आणि संख्या लिहून घ्या. एखाद्या कार्यक्रमात तोच सेट वाजताना जाऊन ऐका.

बेस डावीकडे दोन, उजवीकडे दोन असे ठेवायची सवय असते. तसे केले की मधोमध दणका बसतो आणि दोन पावले बाजूला बेस गायब होतो. चारही एकत्र, स्टेजसमोर मधोमध ठेवा. आणखी चांगले म्हणजे दोन पुढे आणि दोन त्यांच्या बरोबर मागे, चारहींची तोंडे प्रेक्षकांकडे. पुढच्या जाळीपासून मागच्या जाळीपर्यंत एक मीटर अंतर. मागच्या दोघांना २.९ मिलिसेकंद डिले द्या आणि त्यांची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करा. ध्वनीला एक मीटर जायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून मागच्या बाजूला दोन्ही लाटा एकमेकींना मारतात आणि पुढच्या बाजूला ८५ हर्ट्झच्या आसपास एकमेकींना भर घालतात. क्रॉसओव्हर १०० हर्ट्झच्या वर नेऊ नका, नाहीतर पुढेही बेस खाल्ला जाईल. जुळले की नाही हे कळायला ६० हर्ट्झचा एकच सूर लावा आणि बॉक्सच्या मागे जाऊन उभे राहा. कुणाला तरी पोलॅरिटीचे बटण दाबून पुन्हा सोडायला सांगा. मागे आवाज पडतो ती स्थिती बरोबर. बंद हॉलमध्ये भिंतींवरून लाटा परत येतात म्हणून फायदा उघड्यावरच्याइतका मिळत नाही, पण कलाकाराच्या टेबलाखालची थरथर नक्की कमी होते. टर्नटेबल (तबकडी वाजवायचे यंत्र) असेल तर त्यासाठीच हे करायचे.

कार्यालयाची लादी आणि उघड्या भिंती हा खरा शत्रू. हॉलच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. तिच्या घुमण्याचे शेपूट दीड-दोन सेकंद राहिले तर तसाच कार्यक्रम करू नका. कार्यालयाच्या कोठारात लग्नाच्या गाद्या आणि सतरंज्या पडलेल्याच असतात, त्या मागच्या भिंतीला उभ्या लावा. मंडपवाल्याकडून जाड पडदे घेऊन भिंतीपासून वीतभर पुढे, भरपूर चुण्या ठेवून सोडा. सपाट ताणलेला पडदा फारसे काम करत नाही. याने मधले आणि वरचे सूर आवरतात, बेस आवरत नाही. त्याला एकच उपाय : बेस कमी ठेवा.

शेवटी ३० पासून १२० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा सूर वाजवून सगळ्या हॉलमध्ये फिरा. खिडकीची तावदाने, फॉल्स सीलिंगची पट्टी, ट्यूबलाइटचे झाकण, स्वयंपाकघराचे शटर, प्रत्येकाचा एकेक सूर असतो आणि तो आला की ते खडखडते. कागदाची पाचर आणि चिकटपट्टी एवढ्यात हे मिटते.

नाचण्याच्या जागेत ९५ डेसिबल ए (कानाच्या संवेदनेप्रमाणे मोजलेला आवाज) ही कमाल ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीची १०० ही मर्यादा सुचवली आहे, आपण तिच्या बरेच खाली राहिलेले बरे. लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणारी सोय) साउंडचेकलाच लावून त्याचा पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवा. प्रत्येक पुढचा कलाकार आधीच्यापेक्षा थोडा मोठा आवाज मागतो, हे जगभर असेच चालते. इयरप्लगची एक डबी दारावर ठेवा.

गेल्या वर्षी आमच्या कार्यक्रमात एकदम दिवे फटफटीत झाले आणि दोन चार्जर, एक ऑडिओ इंटरफेस जळाला. साउंडवाला जनरेटरला दोष देतो, जनरेटरवाला साउंडला. चूक कुणाची? शिवाय लॅपटॉप लावला की स्पीकरमधून गुणगुण येते, ती कशी थांबवायची? — इस्लामपूरजवळचे एक वाचक

दिवे आधी जास्त उजळले आणि मग वस्तू जळल्या, या वर्णनावरून न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सुटला असावा. थ्री फेजमध्ये प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रलचा जोड ढिला झाला की हे ४०० व्होल्ट दोन फेजवरच्या उपकरणांत त्यांच्या लोडप्रमाणे वाटले जातात. जिच्यावर मोठा लोड, तिचे व्होल्टेज पडते. जिच्यावर लॅपटॉपचा चार्जर आणि इंटरफेस एवढाच हलका लोड, तिच्यावर ३०० च्या वर चढते. एमसीबीला यातले काही कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

म्हणून कार्यक्रमाच्या सकाळी पहिले काम हे. वीज बंद करून वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या आणि न्यूट्रलचा स्क्रू बघा. चांगल्या जोडावर तांबे लालसर आणि चकचकीत दिसते, तारेचे सगळे केस लगमध्ये (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपीत) दाबलेले असतात. वाईट जोडावर तारेचे वरचे आवरण पिवळट-तपकिरी होऊन कडक पडलेले असते, दोन-चार केस बाहेर उभे राहिलेले असतात आणि जळक्या प्लास्टिकचा वास येतो. अशी तार नुसती आवळून चालत नाही. जळका भाग कापून नवी लग दाबून घ्यायची. दोन तारा पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला न्यूट्रल दिसला तर तो सुधारल्याशिवाय काहीही लावू नका.

मग मल्टिमीटर. फेज ते न्यूट्रल २०७ ते २५३ च्या आत, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हे रिकाम्या लोडवर मोजून उपयोग नाही, सगळे दिवे आणि साउंड चालू असताना पुन्हा मोजा. ढिला जोड लोड आल्यावरच बोलतो. स्टेजच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) आणि जास्त व्होल्टेजला वीज तोडणारा एक रिले बसवून घ्या. सगळ्या उपकरणांच्या तुलनेत त्याची किंमत किरकोळ आहे. महावितरणकडून जनरेटरवर जाताना चार पोलचा चेंजओव्हर (वीज बदलायचा स्विच) हवा, म्हणजे न्यूट्रलही बरोबर बदलतो.

जनरेटर किती मोठा? चार बेस आणि दोन टॉप मिळून कागदावर साडेपाच-सहा हजार वॅट दिसतील, पण संगीत सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही, सरासरी अडीच-तीन किलोवॅट धरा. दिवे एक, प्रोजेक्टर आणि कलाकारांचे टेबल मिळून एक, पंखे आणि हॉलचे दिवे दीड. असे साडेसहाच्या आसपास येते. १५ केव्हीएचा सेट साधारण १२ किलोवॅट देतो, म्हणजे दणक्यासाठी पुरेशी जागा उरते. अर्ध्या लोडवर तासाला दोन-अडीच लिटर डिझेल धरा आणि ते भाड्यात आहे की वेगळे हे लिहून घ्या. चहावाल्याची इंडक्शन शेगडी आणि मिक्सर साउंडच्या फेजवर कधीच नको.

वायरही मोजा. ५० मीटर लांब नेलेल्या दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरवर १६ अँपिअरला सुमारे १९ व्होल्ट वाटेतच जातात. अडीचच्या वायरवर १२ जातात. म्हणजे बोर्डाजवळ २२५ असले तर दीडच्या वायरवरून स्टेजवर पोचतात २०६. अँप्लिफायर तिथेच कुरकुरू लागतो.

गुणगुणण्याबद्दलही तुम्ही विचारले आहे. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गुणगुण थांबली तर तो अर्थ लूप (दोन वाटांनी अर्थ जोडला जाणे) आहे. टेबलावरची सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घ्या, लॅपटॉपमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाला ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (विजेचा थेट जोड तोडून आवाज पुढे पाठवणारी डबी) लावा, बॅलन्स्ड एक्सएलआर केबलच वापरा. प्रोजेक्टरची एचडीएमआय हाही नेहमीचा गुन्हेगार, ती काढून बघा. प्लगची अर्थची पिन तोडणे हा उपाय सर्रास केला जातो. तो जीवघेणा आहे. तसे करणाऱ्याला स्टेजवर येऊ देऊ नका.

दहा वाजेपर्यंतच वाजवायचे म्हणतात. मग बंद हॉलमध्ये रात्रभर चालेल का? कागदपत्रे कोणती? आणि दुसऱ्यांची गाणी वाजवायला परवाना लागतो का? — कराड

ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सभागृहासारख्या बंद जागेला आतल्या आत सवलत आहे, पण आवाज बाहेर जाता कामा नये आणि मंगल कार्यालयाच्या पत्र्यातून तो जातोच. रात्रभराचा विचार सोडा. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल ए आहे, आणि खासगी जागेच्या हद्दीवर तिच्यापेक्षा ५ च जास्त चालतात, म्हणजे ६०. व्यापारी भागात दिवसा ६५, औद्योगिक भागात ७५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकते. जागा ठरवायच्या आधी मोबाइलवर नकाशा उघडून हे अंतर मोजा. त्यातच बरीच कार्यालये गळतात.

यातली मेख पुढेच आहे. डेसिबल ए मोजताना यंत्र बेसला जवळजवळ वगळते. ६३ हर्ट्झचा आवाज ते २६ डेसिबलने कमी दाखवते. त्यामुळे मीटरवर तुम्ही नियमात असता आणि शेजारच्या आजींच्या कपाटातली भांडी वाजत असतात. मीटरवर ए आणि सी (बेसही धरणारे माप) दोन्ही बघा. सीचा आकडा एपेक्षा १५ ने वर गेला की बेस उतरवा, मग नियम काहीही म्हणो.

पोलीस ठाण्यात अर्ज निदान तीन आठवडे आधी द्या. त्यात तारीख, वेळ, अपेक्षित संख्या, तिकीट आहे की नाही, जागेच्या मालकाचे संमतिपत्र, बाहेर जाण्याच्या दारांचा साधा नकाशा आणि जबाबदार दोन व्यक्तींचे मोबाइल क्रमांक हवेत. तिकीट असेल तर काय लागते ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक शाखेत लेखी विचारा. पालिकेच्या अग्निशमन विभागाचे ना हरकत पत्र घ्या. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या तिकिटावर जीएसटी नाही, तिकीट ३०० ठेवण्याचे हे आणखी एक कारण. आणि अर्जाच्या आधी आजूबाजूच्या पंधरा-वीस घरांत स्वतः जाऊन या. तारीख, संपण्याची वेळ आणि एक फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी द्या. तो फोन कार्यक्रमभर कुणीतरी उचललाच पाहिजे. घरातून थेट तुम्हाला फोन आला तर तो ठाण्यात जात नाही.

दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांसाठी परवाना लागतो. मुद्रणाचे हक्क आणि मूळ रचनेचे हक्क वेगळे असतात, म्हणून पीपीएल, आयपीआरएस अशा संस्थांकडे वेगवेगळे पैसे भरावे लागतात. गाणे विकत घेऊन डाउनलोड केले म्हणजे ते लोकांसमोर वाजवायचा हक्क मिळत नाही. तुमच्यासारख्या छोट्या महोत्सवाला आमचा सल्ला : पहिल्या वर्षी फक्त स्वतःची रचना वाजवणारे कलाकार बोलवा. "हे सगळे माझे आहे, त्याचे हक्क मी कोणत्याही संस्थेकडे दिलेले नाहीत" असे प्रत्येकाकडून सहीनिशी घ्या. पैसे वाचतात, आणि महोत्सवाला स्वतःचा चेहराही येतो.

साताऱ्याजवळ कासच्या बाजूला उघड्यावर करावे असे वाटते. शांत जागा आहे, कुणाला त्रास नाही. — सातारा

नको. कास हे २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, तिथे स्पीकर नेणे हाच अपराध वाटला पाहिजे. खाली एखाद्या मित्राच्या शेतातही आवाजाचे गणित सोपे नाही. चार मीटरवर ९२ डेसिबल असले तर अंतर दुप्पट झाले की ६ उतरतात : ८ मीटरवर ८६, ३२ वर ७४, १२८ वर ६२. म्हणजे ६० पर्यंत यायला दीडशे मीटरच्या वर मोकळी जागा लागते. शिवाय थंडीच्या निरभ्र रात्री दरीत जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार होते. अशा हवेत वर जाणारा आवाज वळून पुन्हा खाली येतो. दुपारी तपासणी केलीत तेव्हा पलीकडच्या वस्तीत काहीच ऐकू आले नव्हते आणि रात्री आठला तिथूनच फोन येतो, तो यामुळे. उघड्यावर करायचेच असेल तर दिवसा करा आणि अंधार पडायच्या आत थांबा.

पुण्याच्या कलाकारांना पुरेसे पैसे देता येत नाहीत. "एक्स्पोजर मिळेल" असे सांगितले तर ते येतील का? — वाई

असे सांगूच नका. पैसे थोडे असले तरी सगळ्यांना सारखे द्या आणि तो आकडा सगळ्यांना माहीत असू द्या. सात जणांना चार-चार हजार, बरोबर २८. ज्याचे नाव मोठे त्याला दहा आणि गावातल्या मुलाला शून्य, असे एकदा झाले की पुढच्या वर्षी गावातला मुलगा येत नाही, आणि महोत्सव टिकतो तो त्याच्यावर.

एका पानाचा करार करा : मानधन आणि ते कधी मिळणार, सेट किती मिनिटांचा, टेबल किती फुटांचे हवे, किती प्लग, किती आउटपुट आणि जॅक कोणता, मुक्काम, जेवण, रद्द झाले तर काय. मानधन वाजवण्याच्या आधी हातात किंवा खात्यात. दोन टेबले शेजारी मांडा. एकावर कार्यक्रम चालू असताना दुसऱ्यावर पुढचा कलाकार हेडफोन लावून जोडणी करेल. दहा मिनिटांचा बदल असाच शक्य होतो. पुण्याहून वाईला येणाऱ्या दोन-तीन जणांची एकच गाडी ठरवा. सांगली-मिरजेला मात्र रेल्वे सोयीची.

मिरजेचा तंबोरा आणि मॉड्युलर सिंथ (सुटे भाग तारांनी जोडून केलेला सिंथेसायझर) असा एक सेट ठेवायचा आहे. तंबोरा शिट्टी मारतो आणि सूरही जुळत नाही. — मिरज

ज्या गावच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे हा सेट झालाच पाहिजे. दोन अडचणी वेगळ्या आहेत.

शिट्टी आणि घुमणे हे भोपळ्यामुळे. तो पोकळ आहे, समोरच्या बेसने तो स्वतःच थरथरू लागतो आणि माइक तेच पुन्हा उचलतो. वादकाला बेसच्या रेषेतून काढून मागे बसवा, खाली जाड गादी द्या. छोटा कंडेन्सर माइक घोडीपासून (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीपासून) वीतभर अंतरावर, भोपळ्याच्या तोंडावर न रोखता. ८० हर्ट्झच्या खाली कापा. काळी एक पट्टीच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे मूळ सूर कापला जातो, पण खर्ज आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः वरच्या स्वरांशांतून. कान बाकीचे जोडून घेतो. मॉनिटर नको, वादकाला इयरफोन द्या.

सुराचे कारण गांधार. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे स्वरांतर मोजायचे बारीक माप) असतो, सिंथचा ४०० वर. चौदा सेंटचा हा फरक लांब धरलेल्या पॅडमध्ये (सिंथच्या सलग चालणाऱ्या सुरात) लगेच टोचतो. सिंथचा गांधार तेवढा उतरवा किंवा पॅडमध्ये फक्त षड्ज-पंचम धरा. पंचमात फरक दोनच सेंटचा आहे. सिंथवरून काळी एकचा सूर देऊन आधी खुंट्यांवर आणि मग मण्यांवर तंबोरा जुळवा. दिवे तापले, गर्दी वाढली की तो पुन्हा उतरतो, म्हणून सेटच्या पाच मिनिटे आधी परत लावायला वेळ द्या. जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला, दोरा एक केसभर सरकला तरी झणकार मिटतो. ते काम वादकालाच, दिव्याखाली, शांतपणे करू द्या. त्या वेळी बाजूच्या टेबलावरचा साउंडचेक बंद.

पाणी, संडास, सुरक्षा यांसाठी किती धरावे? — तासगाव

दीडशे माणसांना सात तासांत माणशी दोन लिटर, म्हणजे २० लिटरचे १५ जार आणि तीन जास्तीचे. पाणी फुकट द्या, नाचणाऱ्या माणसाला पाणी विकू नका. दारू आत नको, एक दिवसाच्या परवान्याच्या भानगडीतही पडू नका. प्रथमोपचाराची पेटी, १०८ क्रमांक लिहिलेला कागद, आणि रुग्णवाहिका फाटकातून आत वळेल एवढी जागा गाड्यांपासून मोकळी. बाहेर पडायची निदान दोन दारे पूर्ण वेळ विनाकुलूप. पडद्यांनी एखादे दार झाकले गेले नाही ना, हे दिवे मालवून एकदा तपासा.

स्वयंसेवक दहा पुरतात : दारावर दोन, स्टेजजवळ दोन, पार्किंगला दोन, जनरेटरपाशी एक, पाणी-स्वच्छतेला दोन आणि शेजाऱ्यांचा फोन घेऊन हद्दीवर मीटर धरून फिरणारा एक. निदान चार मुली हव्यात, त्यातली एक दारावर, आणि तक्रार कुणाकडे करायची ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत. महिलांच्या संडासाची किल्ली त्यांच्यापैकीच एकीकडे, कार्यालयाच्या शिपायाकडे नको. दर तासाला आत जाऊन दिवा आणि पाणी चालू आहे का ते तिने बघायचे.